भाच्याची जागा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझ्या आजोळहून दूरध्वनी आला. आजोळ म्हणजे चंदगड तालुक्यातील एक लहानसे खेडे. बोलणारे गृहस्थ नात्याने माझे मामा. वय ऐंशीच्या घरात. इकडचे तिकडचे क्षेमकुशल न विचारता त्यांनी थेट विषयालाच हात घातला. "भाचा, मुंबईची चाळ पाडायला लागलेत. आपल्या खोलीचं काय करायचं, ते तू सांग. तू वकील हाईस आणि त्या खोलीत तीन वर्षं झोपलायस."

हे दोन्ही खरे होते. प्रश्न वकिलाला होता की खोलीत झोपलेल्या माणसाला, हे मात्र मला त्या क्षणी उमगले नाही. गेला महिनाभर मी त्याचाच विचार करतो आहे. या पानावर आपण भाषेविषयी बोलतो आणि ही हकिकत वरकरणी दहा बाय बाराच्या एका खोलीची आहे. तरीही ती येथे सांगण्याचे कारण आहे. सीमाभागातील एका मुलाला आपली मराठी ही सबंध भाषेची एक शाखा आहे, बेळगावची विकृती नव्हे, हे पहिल्यांदा त्या खोलीत कळले. आणि ते कळणे शक्य झाले ते तेथे राहणे स्वस्त होते म्हणून.

प्रथम थोडा भूगोल सांगतो. माझे वडील सांबऱ्याचे, आई चंदगड भागातील. त्यांचे लग्न झाले तेव्हा दोन्ही गावे एकाच बेळगाव जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात ठेवला गेला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. बेळगाव आणि त्यासोबत आमचे सांबरे म्हैसूर राज्यात गेले. आईला माहेर परराज्यात गेल्याचे कळले ते काही दिवसांनी, बाजारात. ती म्हणे, "मी काही हलले न्हाई. गावंच हलली." माझा जन्म त्यानंतर अकरा वर्षांनी झाला. त्यामुळे मला आजोळी जाणे म्हणजे सीमा ओलांडणे हेच कायम ठाऊक होते.

बेळगावात राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय १९३९ पासून उभे असताना मी कायदा शिकायला मुंबईला का गेलो, असे अनेकजण विचारतात. उत्तर साधे आहे. घरात शिक्षणाला पैसा नव्हता, उलट माझ्याकडूनच घराला पैसा हवा होता. मुंबईत सकाळी वर्ग आणि दिवसा नोकरी असे जमण्यासारखे होते. राहण्याचा प्रश्न मामांनी सोडवला. "आपली खोली हाय की," ते म्हणाले. १९८८ च्या जूनमध्ये बेळगावहून मीटर गेजची गाडी धरून मी मिरजेला उतरलो, तेथून मोठ्या रुळांवरची गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पत्र्याची पेटी व एक वळकटी घेऊन परळला पोहोचलो.

'आपली खोली' म्हणजे काय, हे सीमाभागातील तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. कोकण, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातून गिरणीत आलेल्या माणसांनी लालबाग-परळ भागात गावागावांच्या खोल्या धरल्या होत्या. गावातील कोणीतरी आधी आलेला असे; त्याच्या नावावर भाडेपावती. मग गावचा जो येईल तो त्या खोलीत. भाऊबंद, शेजारी, वैरीसुद्धा. आमच्या खोलीची पावती एका दूरच्या मामांच्या नावावर होती. ते साचेवाले, म्हणजे विणकर. त्यांनी ही खोली स्वातंत्र्याच्या सुमारास धरली होती. खोलीत नियमाप्रमाणे त्या गावच्याच पुरुषाला प्रवेश. मी सांबऱ्याचा, म्हणजे परगावचा, शिवाय परराज्यातला. माझ्या प्रवेशावर रीतसर बैठक झाली. एका म्हाताऱ्याने निकाल दिला: "लेकीचा मुलगा हाय. भाच्याला जागा न द्यायची म्हणजे लेकीला दार बंद करायचं." नोंदवहीत माझ्या नावापुढे कंसात 'भाचा' असे लिहिले गेले. वर्गणी गावकऱ्यांना महिना आठ रुपये. मला, विद्यार्थी म्हणून, चार.

त्या वेळी नोंदवहीत बावीस नावे होती. बावीस माणसे एका खोलीत कशी राहतात, असे माझी मुलगी विचारते. ती एकाच वेळी राहत नसत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी अशी गिरणीची त्रिस्थळी होती. एकजण उठे तेव्हा दुसरा त्याच जागी वळकटी पसरे. भिंतीला लागून पेट्यांची रांग, वर आडव्या दांडीवर कपडे, कोपऱ्यात रवळनाथाची तसबीर. पावसाळा सोडून निम्मी माणसे बाहेर गॅलरीत झोपत. खोलीचे भाडे महिन्याला अठरा रुपये आणि काही पैसे होते. वर्गणीतून भाडे, विजेचे बिल, एक मराठी वर्तमानपत्र आणि गणपतीचा खर्च भागे. उरलेली रक्कम एका डब्यात. तो डबा आजारपणासाठी आणि कोणी मुंबईत वारलाच तर त्याला गावी नेण्यासाठी. तीन वर्षांत तो दोनदा उघडलेला मी पाहिला.

माझा हिशेब अजून तोंडपाठ आहे. फोर्टमधील एका वकिलांच्या कार्यालयात फायली लावण्याचे काम मिळाले, पगार साडेतीनशे. त्यातून खाणावळ एकशे नव्वद, खोली चार, लोकलचा पास, घरी पंचाहत्तरची मनिऑर्डर, आणि पुस्तकांना व चहाला उरलेले सुमारे पन्नास. आज हा हिशेब कोणत्याही महानगरात मांडून पाहावा. बेळगाव-निपाणीकडची आपली मुले पुण्याला, बंगळूरला जातात, तेव्हा त्यांच्या पहिल्या पगाराचा निम्मा भाग एका खाटेच्या भाड्यात जातो.

खाणावळीविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण गिरणगावचा खरा संसार तिच्यावर चाले. गिरणीत मजूर म्हणून आलेल्या पुरुषांची बायकापोरे गावी. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका त्याच चाळींतून राहत. माझी खाणावळवाली मालवणकडची होती. तिच्या पुढ्यात दोन्ही वेळा वीस-पंचवीस माणसे बसून उठत. या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत, कारण धान्य आधी आणायचे आणि पैसे महिन्याअखेर मिळायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची वाट उघडली. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कोणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. त्या काळात कित्येक खाणावळवाल्यांनी महिनोन्‌महिने उधारीवर माणसे जेवू घातली, असे माझ्या खोलीतील जुने लोक डोळ्यांत पाणी आणून सांगत. मी पोहोचलो तेव्हा संपाला सहा वर्षे होऊन गेली होती. बावीस नावांपैकी आठ-नऊजणच गिरणीत होते. बाकीचे पहारेकरी, हमाल, कुरियरवाले. भोंगा मात्र अजून होई. मोजक्याच गिरण्यांचा, पण होई.

आता भाषेकडे येतो.

पहिल्याच रात्री मी कोणाला तरी विचारले, "काय करायलास?" गॅलरीत एकच हशा पिकला. हसणारे साताऱ्याकडचे आणि रत्नागिरीकडचे शेजारी होते. माझ्या खोलीतील चंदगडकर हसले नाहीत, कारण तेही तसेच बोलत. मी ओशाळलो. बेळगावात आम्हाला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागे: शाळेतील शुद्धलेखनाचे गुरुजी म्हणत की तुमची मराठी कानडीने बाटली आहे आणि सरकारी कचेरीत म्हणत की येथे मराठी बोलू नका. त्यामुळे आपली भाषा म्हणजे कुठेच पुरती न बसणारी वस्तू, असा एक न्यूनगंड मनात होता. पण दुसऱ्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की त्या मजल्यावर कोणीच 'पुस्तकातील' मराठी बोलत नव्हते. खाणावळवाली 'माका-तुका' करी. पलीकडच्या खोलीतील सातारकर शब्दांच्या शेपट्या तोडून बोलत. देशावरचा माणूस कोकण्याची टर उडवी, कोकणी घाटावरच्याची. आणि मग सगळे मिळून दादरच्या पुलापलीकडील अनुनासिक बोलण्याची नक्कल करीत. मी बोललो तर माझीही नक्कल होई, पण ती इतरांच्या रांगेत होई. टवाळीत समान वाटा मिळणे हेही एक प्रकारचे नागरिकत्व असते. आमच्या 'अण्णा', 'अक्का' यांना कानडीची उसनवारी म्हणून मी लाजत असे. त्या चाळीत प्रत्येक मजल्यावर एक अण्णा होता आणि ते शब्द कोणाला परके वाटत नव्हते.

शिवाय तेथे एक पाचवी-सहावी मराठी होती, जी कोणाच्याच गावची नव्हती. ती गिरणीची. विणायचे यंत्र तो 'साचा'. सूतकताईच्या 'थ्रॉसल'चे 'त्रासन' झालेले. 'त्रासन खाते' हा शब्द ऐकताना मला आधी वाटले की तेथे फार त्रास असतो म्हणून हे नाव. कायम नसलेला तो 'बदली'. 'पाळी', 'भोंगा', 'मुकादम', 'जॉबर' हे शब्द घेऊन माणसे गावी जात आणि गावच्या पारावर रुजवत. माझ्या आजोळी आजही अवेळी आलेल्या माणसाला "रात्रपाळी झाली काय?" असे विचारतात, विचारणाऱ्या पोराने गिरणी पाहिलेली नसते. निरनिराळ्या गावचे लोक एका ठिकाणी दाटीने राहिल्याखेरीज असे शब्द जन्माला येत नाहीत. विद्यापीठे त्यांचा कोश करू शकतात. त्यांना जन्म द्यायला जिना, नळ आणि खाणावळ लागते.

त्या दाटीत संस्कृती म्हणून जे काही होते ते बहुतेक फुकट किंवा जवळजवळ फुकट होते. चाळीच्या चौकात भजनाची बारी होई, तीत दोन गावची मंडळे अहमहमिकेने रात्र जागवीत. १९२२ साली उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचे माहेर होते. आमच्या खोलीतील एक पहारेकरी तेथे राजाचे काम करी आणि दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावर उभा राही. भारतमाता सिनेमागृहात मराठी चित्रपट लागत. पायी अर्ध्या तासावर, नायगावला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय होते. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मी कायद्याची पुस्तके घेऊन अभ्यासाला जाई, आणि ती मिटून बाकी सगळे वाचीत बसे. नारायण सुर्वे मी तेथे वाचले. त्यांची कविता ज्या रस्त्यांवर घडली, त्याच रस्त्यांनी मी परत खोलीकडे येत होतो. पुस्तकातून उठून त्या पुस्तकाच्याच पत्त्यावर चालत जाण्याचा अनुभव सीमाभागातील मुलाला सहसा मिळत नाही.

आणि अण्णा भाऊ साठे. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड मी बेळगावात आंदोलनाच्या व्यासपीठावरून अनेकदा ऐकली होती. मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला आपला मुलूख, हा अर्थ आम्ही लहानपणापासून जाणत होतो. पण एका रात्री गॅलरीत एका बदली कामगाराने ती म्हटली, तेव्हा ऐकणारे बावीसजण आपापल्या गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढून गप्प झाले. मला त्या दिवशी कळले की अण्णा भाऊंनी सीमाप्रश्न आधी या माणसांच्या पोटात नेऊन ठेवला, आणि मगच त्यांना मोर्चात आणले. या खोल्यांमधूनच माणसे निपाणी-बेळगावसाठी रस्त्यावर उतरली. त्यांतील बहुतेकांनी बेळगाव पाहिलेही नव्हते.

अशी व्यवस्था फक्त आपल्याच लोकांची होती असेही नाही. माझा एक वर्गमित्र गोव्याचा. तो धोबीतलावला 'कुडा'त राहत असे. कुड म्हणजे कोकणीत खोलीच. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत असे कुड काढले होते. बोटीवर नोकरी शोधायला आलेला दर्यावर्दी गावच्या कुडात उतरे, नाममात्र पैशांत राही. भिंतीला लागून तशाच पेट्या, आणि रवळनाथाच्या जागी गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. मला त्याने एकदा तेथे नेले तेव्हा मी दारातच थबकलो. आपलीच खोली कोणीतरी दुसऱ्या धर्मात भाषांतरित केली आहे असे वाटले. या स्थलांतरितांच्या पोटी कोकणी भाषेत काय काय जन्मले पाहा. कोकणीतील पहिले नियतकालिक, 'उदेंतेचें साळक', निघाले ते १८८९ मध्ये पुण्याला. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला तो १८९२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत. जी भाषा घरी राज्यकर्त्यांच्या दडपणाखाली होती, तिने परक्या शहरातील स्वस्त खोल्यांत मोकळा श्वास घेतला.

पुढे वकिली करीत असताना भाषिक हक्कांविषयी वाचताना मला अमेरिकेतील मायामी शहराची गोष्ट भेटली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून आलेले लोक तेथील जुन्या, कमी भाड्याच्या वस्तीत उतरले आणि त्या वस्तीचे नाव 'लिटल हवाना' पडले. आठव्या रस्त्यावर कॉफीच्या खिडक्या, सिगार वळणारे कारागीर, डोमिनो खेळत बसणारे म्हातारे. सुरुवातीला हे पाहुणे आहेत, परत जातील, अशी समजूत होती. १९७३ मध्ये त्या डेड परगण्याने स्वतःला द्विभाषिक म्हणून जाहीर केले. सात वर्षांनी, नोव्हेंबर १९८० मध्ये, मतदारांनी कौल देऊन इंग्रजीखेरीज अन्य भाषेवर परगण्याचा पैसा खर्च करण्यास मनाई केली. ती मनाई उठली १९९३ मध्ये. या तेरा वर्षांत सरकारी कागद इंग्रजीत निघत राहिले आणि त्या वस्तीत स्पॅनिश बोलणे तसूभरही थांबले नाही. आता तेथे भाडी चढत आहेत, अनेक क्युबन कुटुंबे उपनगरांत गेली आहेत आणि त्यांच्या जागी निकाराग्वा, होंडुरास येथून आलेले लोक राहतात. म्हणजे ज्या गोष्टीपुढे कायद्याचे काही चालले नाही, तिला घरभाड्याने धक्का दिला आहे. फलकावर कोणती लिपी असावी यासाठी आपण लढतो आणि लढलेच पाहिजे. पण फलकाखालच्या खोलीचे भाडे कोणाला परवडते, हाही भाषेचाच प्रश्न आहे.

आमची ती खोली स्वस्त का होती? मालक उदार होता म्हणून नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 'प्रमाणित भाडे' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले होते. कायद्याने भाडे गोठवले आणि मालकाने दुरुस्ती. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या, संडास मजल्याला चार, छताचा गिलावा वळकटीवर पडे. त्या स्वस्ताईची आणखी एक किंमत होती, तिचा उल्लेख आठवणी लिहिणारे पुरुष सहसा करीत नाहीत. त्या खोलीत बाईला जागा नव्हती. बावीस पुरुषांची स्वस्ताई गावाकडच्या बावीस बायकांनी शेती, म्हातारी माणसे आणि पोरे एकटीने सांभाळून पुरवली होती.

गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे ती तीन भागांत वाटायची होती: एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील मोकळ्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता पाळी चाळींची आहे. आमची चाळ उपकरप्राप्त इमारत. पुनर्विकासात प्रत्येक अधिकृत भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार. गेल्या महिन्यातील दूरध्वनी त्यासाठीच होता.

अधिकृत भाडेकरू कोण? पावतीवरील मामा २००४ साली गावी वारले. पावती अजूनही त्यांच्याच नावाची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्या 'कुटुंबातील', त्याच्यासोबत राहत असलेल्या व्यक्तीकडे भाडेहक्क जातो. अशी व्यक्ती नसेल तर वारसाकडे. त्यांच्यासोबत खोलीत राहत होते ते गाव. पण कायद्यातील 'कुटुंब' या शब्दात गावकी बसत नाही. वारस त्यांचा एकुलता मुलगा. तो कोल्हापुरात एका कारखान्यात नोकरीला आहे. आज खोलीत तीनजण राहतात: दोन पहारेकरी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा एक मुलगा.

मी आजोळी गेलो. रवळनाथाच्या देवळात बैठक भरली. मी कायदा सांगितला: हक्क मुलाचा, गावाचा नाही. कोणी काही बोलेना. मग ते ऐंशीचे मामा म्हणाले, "मग साठ-सत्तर वर्षं भाडं कुणी भरलं रे, भाचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. याहूनही वाईट म्हणजे माझ्याकडे एक आठवण होती आणि ती त्यांनाही होती. १९९० साली, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना, याच मामांनी मला विचारले होते, "मंडळाची नोंदणी करून पावती मंडळाच्या नावावर करून घेता येईल काय? तू शिकायलास, बघ की जरा." मालकाची संमती लागली असती, त्या काळी ती थोड्या रकमेत मिळतही असे. मी "परीक्षा झाली की बघतो" म्हणालो. परीक्षा झाली. मी सनद घेतली, बेळगावच्या न्यायालयात उभा राहू लागलो, शेकडो लोकांच्या खोल्यांचे कागद केले. त्या खोलीचा कागद राहून गेला. बैठकीत मामांनी हे बोलून दाखवले नाही. म्हणून ते मीच सांगितले.

मुलगा शांतपणे ऐकत होता. मला वाटले होते की तो कायद्यावर बोट ठेवील. तो म्हणाला, "दादा, हक्क माझा आहे हे मला आधीच कळलंय. पण माझी गोष्टही ऐका. माझ्या आईनं ती खोली जन्मात एकदा पाहिली, ती पण दारातून. बाबांनी खोली गावाला दिली म्हणून आम्ही मुंबईला कधी राहायला गेलो नाही. गावानं खोली वापरली ती आमची वापरली." देवळात बसलेल्या कोणालाही हे नाकारता येईना. भाडे गावाने भरले होते हे खरे, आणि ते कुटुंब दुरावले होते हेही खरे.

त्या दिवशी निकाल लागला नाही. पुढे दोनदा बोलणी झाली आणि एक तोडगा निघाला. घर मुलाच्या नावे होईल. त्यातील बाहेरची खोली पंधरा वर्षे गावच्या, आणि गावच्या लेकींच्या, शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राहील. मुलींसाठीही, हे कलम मुलाच्या आईने घालायला लावले. वर्गणी मंडळ ठरवील. मंडळाची नोंदणी, पस्तीस वर्षे उशिराने, मी करून देतो आहे. हा कागद न्यायालयात कितपत टिकेल, याविषयी वकील म्हणून मी साशंक आहे. देवळात तो टिकेल.

सध्या मसुदा माझ्या टेबलावर आहे. सांबऱ्यातील माझ्या घराच्या मागील बाजूस दोन खोल्या मी भाड्याने दिल्या आहेत. तेथे उत्तरेकडील एक कुटुंब आणि विजापूरकडचे दोन तरुण राहतात. मसुदा लिहिताना नळावरची त्यांची कानडी-हिंदी-मराठी कालवाकालव ऐकू येते. विजापूरचा एक पोरगा परवा माझ्या पत्नीला "अक्का, काय करायलाय?" असे विचारत होता, तेव्हा मी लेखणी ठेवून ऐकत बसलो. यंदा मी भाडे वाढवलेले नाही.

मसुद्यात एका शब्दाशी मी अडलो होतो. त्या खोलीत राहणाऱ्यांना काय म्हणायचे? 'भाडेकरू' म्हणावे तर हक्क निर्माण होतो, 'परवानाधारक' म्हणावे तर ते परके होतात, 'लाभार्थी' म्हणावे तर ते याचक होतात. शेवटी मामांकडून जुनी नोंदवही मागवली. पहिल्या पानावर, मोडक्या अक्षरात, शीर्षक आहे: 'खोलीवाले'. तोच शब्द मी व्याख्येच्या कलमात घातला आहे: "'खोलीवाले' म्हणजे गावचे अथवा गावच्या लेकीचे अपत्य, जे शिक्षणासाठी सदर खोलीत राहते."

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या गावाची मुंबईत, पुण्यात अशी खोली असेल, तर एवढेच करा: पावती कोणाच्या नावावर आहे ते या आठवड्यात पाहा. परीक्षा झाली की बघतो, असे म्हणू नका.